'रिकामटेकड्यांचे चोचले' म्हणणाऱ्या वाचकाला

शरीराचं ऐकण्यावर आणि दिवसाची लय पाळण्यावर मी इथे लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मिळाली. आधी ती जशीच्या तशी देते, म्हणजे माझं म्हणणं तोडून-मोडून मांडलं अशी तक्रार नंतर नको. "शरीराचं ऐका, दिवसाची लय पाळा, हे सगळे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत. नोकरीचा भरवसा नसलेल्या माणसाचा ताण श्वास मोजून जात नाही. दर दीड तासाने शरीर विश्रांती मागतं हे कशाच्या आधारावर लिहिलंत? आणि शरीराकडे लक्ष दिलं की ज्यांची धडधड उलट वाढते त्यांनी काय करायचं?"

मतभेदाचं मला वावडं नाही. याच ब्लॉगवर लोकांनी माझ्याशी कडाकडा वाद घातलेत आणि मी ते आनंदाने वाचलेत. पण वाद घालणं वेगळं आणि न ओळखणाऱ्या बाईला पहिल्याच वाक्यात रिकामटेकडी ठरवणं वेगळं. चर्चा करायची होती की नुसता टोमणा मारून निघून जायचं होतं, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

आता विषय काढलाच आहेत तर सांगते. मी कित्येक वर्षं फिरत्या पाळ्यांत काम केलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. झोप जरा रुळते आहे असं वाटलं की पाळी बदलायची. मी झोपेत दात आवळते हे मला माहीतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा बघून विचारलं तेव्हा कळलं. खांदे वर चढलेले असायचे, पोट कायम आक्रसलेलं, आणि कोणी 'कशी आहेस' विचारलं की मी 'मजेत' म्हणायचे. ते खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटायचं. शरीर काय सांगतं आहे हे ऐकूच न येण्याची अवस्था मी पुस्तकातून शिकलेली नाही.

त्या काळात पाळी बदलणं माझ्या हातात नव्हतं, वरिष्ठ बदलणं तर नव्हतंच. घरी आल्यावर खोली काळोखी करणं, जागं झाल्यावर लगेच उजेडात जाणं, सुटीच्या दिवशी झोपेची वेळ फार न हलवणं आणि काम चालू असताना मधूनमधून जबडा सैल आहे का एवढं बघणं, इतकंच हातात होतं. यातल्या कशाला रिकामा वेळ लागतो ते मला सांगा. जबडा सैल सोडायला रजा टाकावी लागत नाही.

आणि लय म्हणजे काही माझ्या मनची कल्पना नव्हे. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. दिवस-रात्रीची लय राखणारं हे शरीरातलं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते फळमाश्यांमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो, तेच आपलं मुख्य घड्याळ. त्याचा दिवस बहुतेकांत २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो आणि रोजच्या उजेडाने तो बाहेरच्या दिवसाशी जुळवला जातो. हा पुंजका रिकामटेकड्यांच्याच डोक्यात असतो, कष्टकऱ्यांच्या नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली ही लय बिघडवणारं पाळ्यांचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. म्हणजे लय मोडल्याची किंमत कोण मोजतं? पाळीवर जाणारी माणसंच. त्यांच्याच नावाने तुम्ही मला झोडपता आहात.

शरीराकडे लक्ष देण्याचंही तेच. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ च्या पुस्तकात स्नायू मुद्दाम आवळून मग सैल सोडायची पद्धत मांडली, कारण आपण ताठरलो आहोत हे माणसाला कळतच नाही असं त्यांना दिसलं होतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय केंद्रात वर्ग सुरू केले. तिथे पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत पडून राहायला शिकवत. त्या वर्गांना येत ती जुनाट दुखण्याने गांजलेली, इतर उपचारांचा गुण न आलेली माणसं. चोचले करायला आलेली नव्हेत.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचं थोडक्यात. श्वास मोजून कर्ज फिटत नाही हे मलाही कळतं. मी तसं कुठे लिहिलं आहे ते दाखवा. उच्छ्वास लांबवला की तेवढ्यापुरते ठोके मंदावतात, यापलीकडे मी दावा केलेला नाही.

दीड तासाबद्दल तुमचं थोडंफार बरोबर आहे. झोपेत साधारण ९० मिनिटांची आवर्तनं असतात हे पक्कं. जागेपणीही तीच लय चालू राहते ही झोपेचे संशोधक क्लाइटमन यांची कल्पना होती आणि तिला पुरावा तोकडा आहे. त्या वाक्यात आता 'काहींच्या मते' घातलं आहे. झालं समाधान?

धडधड वाढणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटावं. घाबरण्याचे झटके येतात त्यांनी छातीकडे लक्ष देऊ नये. तळपायाकडे द्यावं, किंवा डोळे उघडे ठेवून आजूबाजूच्या वस्तू बघाव्यात. हे लेखात का नव्हतं म्हणाल, तर प्रत्येक लेखात प्रत्येकासाठी सगळं लिहायला बसले तर लेख कधीच पुरा व्हायचा नाही. त्यावर वेगळं लिहीन. इथे जागा नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. तिच्याखाली कुणी 'अगदी बरोबर!' लिहिलं आहे, तेही राहू दे. वेळेच्या नोंदीवरून दिसतं की तुम्ही ती रात्री पावणेतीनला लिहिलीत. पाळीवर होतात की झोप लागत नव्हती, हे विचारणार होते. पण तुमचा सूर बघितला आणि नाही विचारलं.