मिश्र फुटबॉलमध्ये बायका कशा मोजाव्यात

अभिनंदन! चाळिशी ओलांडली, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवून ‘रोज थोडं चालत जा’ म्हणून सांगितलं, आणि तुम्ही थेट मिश्र फुटबॉल लीगची फी भरून मोकळे झालात. वर कॅप्टनही झालात. ग्रुपवर ‘कोण घेतंय जबाबदारी?’ असं कोणीतरी विचारलं आणि तुमचा अंगठा चुकून लागला. आता एप्रिल ते जून, दर रविवारी सकाळी नऊ वाजता, न्यू जर्सीतल्या एका काउंटी पार्कात दवाने ओल्या झालेल्या गवतावर तुम्हाला माणसं उभी करायची आहेत. त्यांत काही बायका असायला हव्यात.

गेली सहा वर्षं त्या ‘काही’मध्ये मी आहे. तेव्हा चार गोष्टी आतल्या गोटातून सांगते.

लीगकडून नियमावली येईल. चौदा पानं. ती कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. नडगीला गार्ड लागतं, बुटाला लोखंडी खिळे चालत नाहीत, अंगठी-मंगळसूत्र काढून ठेवायचं (वरून टेप चिकटवलेलीही चालत नाही, आणि हे सासूबाईंना फोनवर समजावणं तुमच्याकडे), डिकीत एक पांढरा आणि एक गडद टी-शर्ट ठेवायचा, वीज कडाडली की गाडीत जाऊन बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं खाली उतरायचं नाही. झालं. बाकी सगळं सोडून सरळ पान सहा उघडा.

पान सहावर गणित आहे. एका बाजूने आठ खेळाडू. त्यात पुरुष जास्तीत जास्त पाच. म्हणजे बायका तीन. दोनच आल्या तर सात जणांत भागवा. एकच आली तर सहा जणांत. एकही आली नाही तर तुमचे पाचच उरतात, आणि सहाच्या खाली सामना सुरूच होत नाही. दहा मिनिटांची सवलत असते. नऊ वाजून दहा मिनिटांनी रेफरी घड्याळ बघतो, शिट्टी फुंकतो आणि चेंडूला पायही न लावता समोरचे ३-०ने जिंकतात. तुमची अनामत रक्कमही त्यांच्याबरोबर जाते.

तुम्ही पुण्या-मुंबईतल्या हाउसिंग सोसायटीत वाढलेले, तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. याला आपण कोरम म्हणतो. वार्षिक सभेला माणसं जमली नाहीत की सेक्रेटरी सभा तहकूब करतात, अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा पुन्हा भरते आणि तिला कोरम लागत नाही. शंभर वर्षांच्या सहकार चळवळीने शोधलेली ही सोय अमेरिकेतल्या फुटबॉलवाल्यांना अजून सुचलेली नाही. इथे बाई प्रत्यक्ष लागते. बूट घातलेली.

तेव्हा शुक्रवारी रात्री फोन फिरवायला घ्या. सुरुवात बायकोपासून होते, जिने शाळेतल्या खो-खोनंतर धाव घेतली ती फक्त लोकल पकडायला. मग बायकोची योगा क्लासमधली मैत्रीण. मग तुमच्या गोलरक्षकाची, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली मेहुणी. तिचं लीगचं कार्ड नसतं, फोटोसकट नोंदणी लागते, मग तुम्ही दुसऱ्याच कोणाचं तरी कार्ड पुढे करण्याच्या मोहात पडता. हे करू नका, असं पान नऊवर लिहिलं आहे, म्हणजे कोणीतरी केलेलं आहे.

आमंत्रणाचे शब्द मात्र जपून वापरा. ‘तू चांगली खेळतेस’ असं चुकूनही म्हणू नका, तिच्या अपेक्षा वाढतील. रूढ वाक्य असं आहे: ‘अगं, आम्हाला एक बाई कमी पडतेय.’ त्यावर ती म्हणेल, मला येत नाही. मग दुसरं वाक्य: ‘तुला पळायची गरजच नाही, नुसती उभी राहा.’ मला हे वाक्य सहा वर्षांपूर्वी एका किराणा दुकानात, कोथिंबिरीची जुडी हातात असताना ऐकवण्यात आलं. मी आले. मला उजव्या कोपऱ्यात उभं करण्यात आलं. पहिल्या सामन्यात पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या दोन डावांत चेंडू माझ्या पायाला चार वेळा लागला. त्यातल्या दोन वेळा मी तो झुडपातून काढून आणत होते.

पास न देणं ही एक कला आहे, ती सरावानेच येते. समोर त्यांचे तीन जण दाटीवाटीने उभे आहेत, उजवीकडे मी एकटी, आजूबाजूला वीस पावलांत चिटपाखरू नाही, मी हात वर करून ओरडते आहे. अशा वेळी नवशिक्या माणूस पास देऊन टाकतो. मुरलेला कॅप्टन मान खाली घालतो, चेंडू त्या तिघांत घुसवतो, तिथेच गमावतो आणि परत पळताना श्वास न उरलेल्या आवाजात म्हणतो, ‘सॉरी गं, दिसलीच नाहीस.’ तिसऱ्या वर्षी मी झगझगीत पोपटी टी-शर्ट घेतला. तेव्हापासून ‘दिसलीच नाहीस’ बंद झालं. आता ‘मला वाटलं तू तयार नाहीस’ असं असतं.

मध्यंतरात तिला खेळ समजावून द्यायला विसरू नका. ऑफसाइड, म्हणजे पास सुटायच्या आधीच समोरच्या बचावफळीच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं नाही हा नियम, हा विषय उत्तम. पाण्याच्या दोन बाटल्या आणि संत्र्याच्या फोडी गवतावर मांडा, ही तू, हा त्यांचा शेवटचा बचावपटू, असं करत सावकाश सांगा. मला ते आजवर पाच वेगवेगळ्या पुरुषांनी समजावलं आहे. आमच्या आठ-आठच्या लीगमध्ये ऑफसाइड नाहीच, पान तीन. पण ते कशाला मधे आणायचं?

मी मूळची कोल्हापूरची, हे मी पहिल्या वर्षी कोणाला सांगितलं नव्हतं. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा असतो. कुस्तीच्या तालमी, पण त्यांचे फुटबॉल संघ; पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ आमनेसामने आले की शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षावालासुद्धा भाडं नाकारून मॅचला निघतो. बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. ऑफसाइड मला बाराखडीच्या आधी कळला, कारण रेफरीने तो चुकवला की आमच्या मागच्या रांगेतले लोक बाराखडीतली बरीच अक्षरं वापरायचे. गल्लीत खेळायची वेळ आली की मात्र पोरींचं काम ठरलेलं. गटारात गेलेला बॉल काढायचा, पुसायचा आणि परत द्यायचा. सातासमुद्रापार येऊन झुडपात शिरताना म्हणून मला परकं असं काही वाटलं नाही.

तुम्हाला कोणी टोकलंच, तर परंपरेचा दाखला द्या. तुमची बाजू भक्कम आहे. १९२०च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना मुळीच शोभत नाही असं जाहीर करून आपल्या संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद केली, आणि ती पन्नासेक वर्षं बंद ठेवली. त्यांना झुडपातसुद्धा उभं केलं नव्हतं. त्या मानाने तुम्ही फारच पुढारलेले.

फक्त एक काळजी घ्या. तुम्ही ज्या देशात खेळताय तो याबाबतीत जरा उलटा आहे. इथे १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना खेळातून वगळता येणार नाही, आणि तेव्हापासून पोरींच्या पोरी मैदानात उतरल्या. अमेरिकेच्या बायकांनी विश्वचषक चार वेळा जिंकला: १९९१, १९९९, २०१५, २०१९. पुरुषांची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे तिसरा क्रमांक, तोही १९३० साली, जेव्हा सगळे मिळून १३ संघ आले होते. २०२६च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या ईस्ट रदरफोर्डच्या स्टेडियमला मिळाला, ते आपल्या पार्कापासून गाडीने पाऊण तासावर आहे, आणि त्या शेजारधर्मामुळे आपल्या संघातल्या पुरुषांची छाती दोन इंच फुगलेली आहे, हे मला मान्य. पण समोरच्या संघातली तिसरी बाई नीट बघून घ्या.

आम्ही बघितली नव्हती. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची पोनीटेल, उजव्या गुडघ्याला काळा पट्टा, बाजूला ठेवलेल्या पिशवीत विणकामाच्या सुया. आमच्या सेंटर बॅकने (बचावफळीतला मधला), जो ऑफिसात चाळीस माणसांचा साहेब आहे, मला हाताने बाजूला केलं आणि म्हणाला, ‘हिला मी बघतो.’ पुढे जे झालं ते फार सावकाश झालं. तिने चेंडू डाव्या पायाच्या आतल्या बाजूने थांबवला, उजवीकडे नुसते खांदे झुकवले, साहेब उजवीकडे गेले, चेंडू आणि बाई डावीकडून गेल्या. साहेब वळले तेव्हा एक गुडघा गवतात होता आणि जाळी हलत होती. ‘गवत फार ओलं आहे,’ ते म्हणाले. दहा वाजत आले होते, चांगलं कडकडीत ऊन होतं. नंतर कळलं, बाई कॉलेजच्या संघाकडून चार वर्षं खेळलेली. आता प्राथमिक शाळेत शिकवते.

गोलांच्या मोजणीबद्दलही सांगायला हवं. काही लीगमध्ये बाईने मारलेला गोल दोन धरतात. आमच्याकडे एक मोसम हा प्रयोग झाला. यात बायकांचा सन्मान आहे की दहावीला मिळतात तसले ग्रेस मार्क, यावर आम्हा तिघींत मतभेद होते, पण पुरुषांत एका रात्रीत एकमत झालं. जे पाय तोवर कधी माझ्याकडे वळले नव्हते ते अचानक फक्त माझ्याकडेच वळायला लागले. मला गोलच्या तोंडाशी रोवून ठेवलं आणि चारही बाजूंनी चेंडू फेकायला सुरुवात केली, जत्रेत रिंग टाकतात तसं. एकदा आमच्या आघाडीपटूने मारलेला फटका माझ्या खांद्याला जेमतेम घासून आत गेला. हा माणूस सोळा वर्षांपूर्वीचा आंतरमहाविद्यालयीन गोलसुद्धा अजून सांगतो. तो त्या दिवशी रेफरीकडे धावत गेला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘मी नाही, तिने मारला! तिचा खांदा बघा, लाल आहे!’ माझा खांदा तपासण्यात आला. गोल दोन धरला गेला. पुढच्या मोसमात नियम रद्द झाला आणि खांद्यासकट मी परत उजव्या कोपऱ्यात.

घसरत जाऊन चेंडू काढण्यावर सरसकट बंदी आहे, गोलरक्षक सोडून. प्रत्येकाला सोमवारी कामावर जायचं असतं, विम्याचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून द्यायची रक्कम) भरायचं असतं, असं त्यामागचं कारण. ही बंदी झाली तरी वर्षातून दोनदा कोणीतरी लांबून घसरत येतोच आणि उठताना पाय निसटला म्हणतो. अशा वेळी रेफरीशी वाद घाला. तो बहुधा कॉलेजचा पोरगा असतो, पेट्रोलपुरते पैसे सुटावेत म्हणून आलेला. पिवळं-लाल कार्ड १९७०च्या विश्वचषकात आलं ते मुळात भाषा न कळणाऱ्या खेळाडूंसाठी. रस्त्यावरच्या सिग्नलवरून ती कल्पना सुचली होती. आपल्या संघाला सिग्नल दाखवूनही उपयोग होत नाही हे त्या पोराला एक-दोन रविवारांत कळतं.

सामना संपला की फोटो. बायका पुढच्या रांगेत, गुडघ्यावर. हे चुकवू नका. ऑफिसच्या पानावर ‘आमचा मिश्र संघ’ म्हणून हाच फोटो जातो, आणि त्यात मी उजव्या कोपऱ्यात नसते, थेट मध्यभागी असते.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा आले होते. बाबा घडीच्या खुर्चीवर, डोक्यावर नातवाची टोपी. पहिली दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, ‘हिला का असं बाहेर उभं केलंय? काय चुकलं हिचं?’ बाबांनी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात कोणाचा तरी फटका चुकून, आपला पास नव्हे, चुकून, माझ्याकडे आला. मी सवयीप्रमाणे तो जवळच्या पुरुषाला द्यायला वळले, आणि मागून शाहू स्टेडियमच्या मागच्या रांगेतला आवाज आला: ‘अगं मार की! कुणाची वाट बघतीयास?’

मी मारला. बारच्या वरून, पार्किंगमध्ये गेला. त्या दिवशी बाकीच्या दोघी माझ्याजवळ येऊन थांबल्या. तिघींत थोडं बोलणं झालं.

तर कॅप्टनसाहेब, आज रविवार आहे. नऊ वाजून सात मिनिटं. तुमचे पाचही जण मैदानावर कंबरेवर हात ठेवून उभे आहेत, समोरचे आठ पूर्ण आहेत, त्यांची ती पांढऱ्या पोनीटेलवाली बाई पायाने चेंडू घोळवतेय आणि रेफरी मनगटाकडे बघतोय. तुम्ही सगळ्यांना फोन लावून झाला. पार्किंगच्या टोकाला झाडाखाली एक निळी मिनीव्हॅन उभी आहे, तिकडे अजून तुमचं लक्ष गेलेलं नाही. आम्ही तिघी बूट घालून, नडगीला गार्ड बांधून, तयार बसलोय. थर्मासात आल्याचा चहा आहे. पान सहा आम्ही वाचलं आहे. फोनवर परत तुमचं नाव आलं. नऊ आठ. चहा अजून अर्धा अर्धा कप उरलाय.