‘चुकणाऱ्याला बक्षीस’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीतील आमच्या खेळघरात झालेल्या शनिवारच्या भूमिका-खेळाच्या (ज्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका करतो) सत्राबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपली मुख्य तक्रार अशी की, तांडेलाची, म्हणजे गलबताच्या प्रमुखाची, भूमिका करणाऱ्या खेळाडूने हावरटपणा करून सगळ्यांचा बेत बिघडवला, तरी गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्यालाच एक फेट पॉइंट (पुढे फाशांची बेरीज वाढवण्यासाठी खर्च करता येणारा गुण) दिला; आपण मात्र शिक्षकाच्या भूमिकेत शेवटपर्यंत जबाबदारीने खेळलात आणि आपल्याकडचा एक पॉइंट गेला. बेजबाबदार वागण्याला असा खेळ उत्तेजन देतो, हे आपले मत आम्हाला मान्य नाही, आणि त्याची कारणे येथे सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

त्या दिवशीचा खेळ 2013 साली आलेल्या ‘फेट कोअर’ या भूमिका-खेळाच्या नियमांनुसार होता आणि कथानक 1930 सालच्या शिरोड्याच्या मीठ सत्याग्रहाच्या दिवसांतले होते. एका भूमिगत कार्यकर्त्याला वेंगुर्ल्याहून गलबतातून रत्नागिरीला आणायचे होते. तांडेलाच्या पात्राची माहिती असलेल्या कागदावर ‘पैसा दिसला की पाय अडतो’ हे वाक्य त्या खेळाडूने खेळ सुरू होण्यापूर्वीच, सर्वांसमक्ष लिहिले होते. मालवणला एका व्यापाऱ्याने जादा माल चढवण्यासाठी रोख रक्कम पुढे केली, तेव्हा गेम मास्टरने तेच वाक्य दाखवून एक पॉइंट देऊ केला. तो घेतला तर गलबत बंदरात थांबणार आणि पोलिसांच्या नजरेत येणार, हे उघड होते. नाकारायचा तर पदरचा एक पॉइंट मोजावा लागला असता. त्याने घेतला. म्हणजे तो पॉइंट स्वतःच्या पात्रावर संकट ओढवून घेण्याचा मोबदला होता. हावरटपणा करून खेळ जिंकता येतो, असे यात कोठेही नाही.

तो पॉइंट पुढे कोठे गेला, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. पाठलाग चुकवत मालवणच्या खडकांमधून रात्री गलबत काढताना तांडेलाचे कौशल्य 3 होते, चार फाशांची बेरीज उणे 1 आली आणि दोन्ही मिळून हवे होते 5. या फाशांवर अधिक, उणे आणि कोऱ्या अशा प्रत्येकी दोन बाजू असतात, त्यामुळे 81 शक्यतांपैकी केवळ 15 मध्ये अधिक 2 किंवा त्याहून जास्त पडते. एक पॉइंट खर्च केला की बेरजेत 2 मिळतात. त्याने जवळचा एक आणि मालवणला मिळालेला एक, असे दोन्ही खर्च केले, बेरीज 6 झाली आणि आपल्या शिक्षकासह सगळे सुखरूप बाहेर पडले.

आपल्या शिक्षकाचे ‘दिलेला शब्द मोडत नाही’ हे वाक्य तर आम्हाला फारच आवडले होते, कारण सद्गुणही अडचणीत आणू शकतो. वाटेत देवगडच्या म्हातारीला दिलेला शब्द पाळण्यासाठी गलबतावरून उतरण्याचा प्रस्ताव आला, तो आपण पॉइंट मोजून नाकारलात. ती शिक्षा नव्हती. आपण तेव्हा आपल्या बेताला प्राधान्य दिलेत, त्याची ती किंमत होती, आणि तांडेलालाही नाकारताना तीच पडली असती.

जुन्या पद्धतीत हे वेगळे होते. 1981 चा चॅम्पियन्स किंवा 1986 चा गर्प्स या भूमिका-खेळांत पात्र तयार करतानाच दोषांबद्दल गुण मिळतात. त्यात कोकणातल्या कथेत कोणी बर्फाची भीती लिहून गुण घ्यावेत आणि ती भीती एकदाही आड येऊ नये, असे सहज घडू शकते. गर्प्समध्ये हावेसाठी तीन फाशांची आत्मसंयमाची परीक्षा आहे हे खरे, पण एकदा घेतलेल्या दोषांची आठवण ठेवण्याचे ओझे बरेचसे गेम मास्टरवरच राहते. फेटमध्ये दोष आड आला तरच मोबदला मिळतो, म्हणून आम्हाला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते.

एकाच्या दोषाचा त्रास सगळ्या गटाला होतो, हा आपला मुद्दा मात्र वजनदार आहे. म्हणूनच असा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी इतर खेळाडूंना विचारण्याची आमची रीत आहे, आणि त्या वेळीही मालवणला थांबण्याआधी टेबलावर सगळ्यांना विचारले गेले होते.

सत्र उशिरापर्यंत लांबल्याबद्दल आपण लिहिले आहे. वेळेची मर्यादा आता नोंदणीच्या वेळीच सांगितली जाईल.

दोषांचा व्यवहार नको असलेल्यांसाठी आमच्याकडे इतर खेळही आहेत. पुढील सत्राला याल तर आपल्या आवडीचे नियम आधी कळवावेत, म्हणजे त्या टेबलावर आपली जागा राखून ठेवता येईल.