‘आठ मिनिटांत सुटलं’ हे परीक्षण नव्हे

इंग्रजी पेपरांतली क्रिप्टिक, म्हणजे आडवळणाने विचारणारी, शब्दकोडी सोडवणाऱ्यांत एक जमात आहे. उत्तरांची यादी टाकायची, खाली ‘आठ मिनिटांत सुटलं, आज सोपं होतं’ असं लिहायचं आणि त्याला परीक्षण म्हणायचं. याला फार तर हजेरी म्हणता येईल. उत्तरं उद्याच्या पेपरात छापून येणारच आहेत. आणि तुमच्या आठ मिनिटांचं आम्ही करायचं काय? मालवणात आमच्या हातात इंग्रजी पेपर पडेपर्यंत जेवणं उरकलेली असतात. इथे घाई कुणालाच नाही.

बोलायचं तर क्लूबद्दल, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या सूचक ओळीबद्दल बोला. तो कुठे चकवतो, कुठे फसवतो ते सांगा. चकवणं आणि फसवणं यांत फरक आहे, आणि रोजच्या कोड्याचं परीक्षण तेवढ्यासाठीच करायचं असतं.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांना मराठीतूनच दाखवतो. आम्ही दोघं-तिघं संध्याकाळी बसून एकमेकांसाठी मराठी क्लू रचतो, त्यातलेच घेतो. आपल्या पेपरातलं कोडं बहुतेक वेळा सरळ अर्थ विचारतं: शंकराची पत्नी, तीन अक्षरं. क्रिप्टिकमध्ये क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तेच उत्तर घडवायची कृती. दोन्ही सलग वाचलं की मात्र तिसरंच चित्र दिसतं.

‘फणसात सापडतो उलटा राग (२)’. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. राग उलटा वाचा: गरा. झालं.

‘विस्कटलेलं कमल हापूसच्या बागेत (३)’. अक्षरं इकडची तिकडे केली की कलम.

आता माझा सगळ्यात आवडता. हा माझा नाही, म्हणून मोकळेपणी कौतुक करतो: ‘बायको कमरेला खोचून ठेवते सोलकढीचं सामान (३)’. ओळखलंत? ‘बायको कमरेला’ या दोन शब्दांच्या सांध्यात कोकम बसलंय. बाय-को-कम-रेला. ‘खोचून ठेवते’ हे क्रियापद एकाच वेळी चित्रही उभं करतं आणि ‘आत शोधा’ असंही सांगतं. एक शब्द रिकामा बसलेला नाही. असा क्लू सुटला की परीक्षणात नुसतं ‘कोकम’ लिहिणारा माणूस अरसिक. ते खोचणं दाखवा ना लोकांना!

‘संक्रांतीलाही काटे, कालवणातही काटे (३)’ म्हणजे हलवा. इथे कृती नाहीच, दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेत. शाकाहारी मंडळींना दुसरा अर्धा लागत नाही, ती तक्रार मी नोंदवून घेतली आहे आणि फेटाळली आहे.

वाद झाला तो पुढच्या दोघांवर. ‘पाप उशिरा आलं तरी ताटात चालतं (४)’. पाप अधिक लेट, पापलेट. एकाचं म्हणणं, लेट हा इंग्रजी शब्द, तो मराठी कोड्यात कसा? मी म्हटलं, कुडाळ स्टेशनवर उभं राहून विचार, गाडी विलंबाने धावते की लेट असते? जो शब्द रोज तोंडात आहे तो कोड्यात चालणार. माझ्या मते हा क्लू चोख.

दुसरा असा: ‘सूर हिंदीतल्या मे महिन्यात जाळ्यात सापडतो (४)’. सूर अधिक मई, सुरमई. वाचायला छान. पण आमच्यातले निवृत्त मास्तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “सूरातलो सू दीर्घ, सुरमईतलो ऱ्हस्व. ह्या चलाचा नाय.” त्यावर बराच वेळ हुज्जत चालली. छापील मराठी कोड्यांत ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा होतो, मग इथेच का अडवता? माझं मत मास्तरांच्या बाजूने पडलं. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यायची असेल तर ती कोड्याच्या डोक्यावर आधी जाहीर करावी. क्लूच्या आत गुपचूप घेतलेली सूट ही फसवणूक. आणि जाळ्यात सापडतो तो सूर? सुरमई ती सापडते! त्या क्लूत लिंगाचीही गडबड आहे, हे हुज्जतीच्या भरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

इंग्रजीत हा तंटा फार जुना आहे. आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रिची नावाच्या पाद्र्याने १९४९ मध्ये नियम सांगितला, त्याचा आशय असा: जे म्हणतोस तेच तुझ्या मनात असायला हवं असं नाही, पण मनात जे आहे ते तू म्हटलेलं असलंच पाहिजे. ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर या पेपरात १९३९ पासून १९७१ पर्यंत झिमेनेस या नावाने रचणाऱ्या मॅकनटने याच विचाराला काटेकोर शिस्त लावली. (ऑब्झर्व्हरच्या रचनाकारांना टोपणनावं म्हणून स्पेनमधले छळ करणारे धर्मन्यायाधीश आवडायचे. झिमेनेसच्या आधीचा टॉर्क्वेमाडा, आणि १९७२ मध्ये त्याच्या जागी आलेला अझेड म्हणजे डेझा, इंग्रजी अक्षरांत आमच्या गऱ्यासारखा उलटा केलेला.)

या शिस्तीला न जुमानणारा मोठा माणूस म्हणजे गार्डियन या ब्रिटिश पेपरात अरौकेरिया या नावाने रचणारा जॉन ग्रॅहम. हाही पाद्रीच. काटेकोर मंडळी त्याच्यावर नाक मुरडत आणि सोडवणारे जीव टाकत. २०१३ च्या जानेवारीत, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याने एक कोडं दिलं. वरच्या सूचनेत म्हटलं होतं की अरौकेरियाला १९ चा १८ झाला असून त्यावर १३ १५ हे उपचार चालू आहेत; हे आकडे त्याच कोड्यातल्या क्लूंचे. लोकांनी चौकोन भरत नेले तसतसं कळत गेलं: अन्ननलिका, कॅन्सर, आणि दुखणं सुसह्य करण्यापुरती शुश्रूषा. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. या कोड्याखाली कुणी ‘अमुक मिनिटांत सुटलं’ असं लिहिलं असेल तर मला तो माणूस बघायचाय.

माझा कल मात्र, अरौकेरियाबद्दल कितीही प्रेम असलं तरी, शिस्तीकडेच आहे. नियम मोडूनही माणसाला वाटेत सोडून न जाण्याचं त्याचं कसब बाकीच्यांकडे नसतं. उत्तर बघूनही क्लूचा उलगडा होत नसेल तर दोष रचणाऱ्याचा, आणि परीक्षणात तसं लिहायला भ्यायचं कारण नाही. शब्द अनोळखी असेल तर कृती सोपी हवी, ही साधी माणुसकी आहे. आणि आडव्या-उभ्या अक्षरांवरून अंदाजाने उत्तर भरलं असेल तर तसं सांगा. क्लू न उलगडताच ‘वा, सुरेख’ म्हणणारे खूप झाले.

आता नेहमीचा आक्षेप: मराठीत हे जमणार नाही, कारण आपल्या चौकोनात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा सुट्या करून फिरवता येत नाहीत. अडचण खरी आहे. अक्षरं विस्कटायचे क्लू आपल्याकडे थोडेच होतील. पण शब्द फोडायला, उलटायला, लपवायला कोण अडवतंय? श्लेष तर घरचाच. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, ओठाला ओठ न लावता म्हणायचं. म्हणजे प, ब, म वर्ज्य, म्हणजे रामायणात ‘राम’ म्हणायची सोय नाही! त्या भाषेला पंधरा बाय पंधरा चौकोनांचं कोडं जड जाईल असं मला वाटत नाही. रचणारे हवेत आणि त्यांचे कान धरणारे हवेत.

तर हा घ्या: ‘किनाऱ्यावर रोज दोनदा, पोलिसांत अधूनमधून (३)’. नुसतं उत्तर लिहू नका. कसं सुटलं आणि कुठे खटकलं, तेही लिहा.