'इकॉनॉमी म्हणजे पैसा' हा मेसेज चुकीचा आहे

सध्या एक मेसेज फिरतोय की इकॉनॉमी या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पैसा, आणि इकॉनॉमिक काय, इकॉनॉमिकल काय, सगळं एकच. तसं नाहीये. शब्द आलाय ग्रीकमधून, ओइकोस म्हणजे घर, म्हणजे मूळ अर्थ घरचा कारभार बघणं, आणि इंग्रजीतही आधी तोच होता. देशाच्या कारभाराबद्दल बोलायचं तर पोलिटिकल इकॉनॉमी म्हणायचे, अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथच्या १७७६ च्या पुस्तकातही हेच सापडतं. काटकसर हा अर्थ तर आजही रोजच्या वापरात आहे, फ्युएल इकॉनॉमी म्हणजे मायलेज, इकॉनॉमी ऑफ वर्ड्स म्हणजे मोजक्या शब्दांत सांगणं, आता यात पैसा कुठे आला?

इकॉनॉमिक पॉलिसी म्हणजे आर्थिक धोरण, पण इकॉनॉमिकल गाडी म्हणजे कमी पेट्रोल पिणारी. १९८६ मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात 'इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ' असं बोलले ते खूप गाजलं, म्हणजे खरं हातचं राखून सांगणं, तिथे इकॉनॉमिक घातलं तर वाक्यच मोडतं. कुठलीही चांगली डिक्शनरी उघडा, दोन्हींच्या नोंदी वेगळ्या दिसतील. मुलं अभ्यासाला असले मेसेज वापरतात हो, म्हणून कळकळीने सांगतेय, प्लीज तो फॉरवर्ड करू नका, आणि केला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.