‘बारीक माणसांनाच मधुमेह’? याज्ञिकांनी तसं म्हटलेलं नाही

‘मधुमेह बारीक माणसांनाच होतो, भारतीयांना वजन कमी करून उपयोग नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. निष्कर्ष पार उलटा काढलाय.

त्याचं मूळ आहे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं एक छायाचित्र. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! (स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं करायला धाडस लागतं.)

म्हणजे मधुमेहाचा धोका वाढवणारी आपल्याकडची चरबी वजनकाटा लपवतो, एवढाच मुद्दा. पोट सुटलं असेल तर ‘मी बारीकच आहे’ म्हणून रक्तातली साखर तपासणं टाळू नका. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा भारतीयांनाही होतोच.