तीन दिवस म्हणे!

सकाळी सकाळी दोघातिघांनी तीच पोस्ट पाठवली. ‘द्वोर्झाकने तीन दिवसांत अजरामर रचना केली. तुमची सबब काय?’ मागे उगवता सूर्य. डोकंच फिरलं.

आकडा खरा आहे, मान्य. ८ ते १० जून १८९३, चेक संगीतकार द्वोर्झाकच्या एफ मेजरमधल्या ‘अमेरिकन’ स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनेचा, कच्चा आराखडा. २३ जूनला सगळं पूर्ण. पण त्याआधीचं कोण सांगणार? आठ महिने हा माणूस न्यूयॉर्कमध्ये नोकरी करत होता, चार मुलं तिकडे मायदेशी, बोहेमियात. उन्हाळ्यात ती आली आणि अख्खा कुटुंबकबिला अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या खेड्यात गेला. तिथे चेक वस्ती, कानावर आपली भाषा. सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला हा ऑर्गनवर बसायचा आणि गावातली म्हातारी माणसं जुनी स्तोत्रं गायची. बाहेर पक्षी. एवढं सगळं मिळाल्यावर लिहून झालं हो तीन दिवसांत!

आमची एक हौशी चौकडी होती, मी व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्यावर. या रचनेची सुरुवातीची धून व्हायोलालाच आहे. व्हायोलिनं नुसती थरथरत असतात आणि मागच्या बाकावरच्या वाद्याला अचानक पुढे बोलावलेलं. सूर पाचच, आपला भूपच म्हणा ना. तरी मी त्या धुनेशी अशी झटापट केली की चेलोवाल्या काकूंनी गज खाली ठेवला. "अगं, मारामारी काय करतेस? आधी गा." मग चौघंही गायलो. भयंकर बेसूर.

शेवटच्या भागात धावपळ मध्येच थांबते आणि ऑर्गनवर स्तोत्र चालू असावं तसे संथ सूर येतात. तिथेही काकूंनी वाद्यं खाली ठेवायला लावली. "एकत्र श्वास घेता येत नाही, आणि वाजवणार कसलं?" आता सांगा, ही उत्पादकतेची गोष्ट आहे का?

आणि ही रचना आधी वाजली कुठे? स्पिलव्हिलमध्येच. पहिलं व्हायोलिन खुद्द द्वोर्झाकच्या हातात, बाकीचे तिघं कोवारिक कुटुंबातले, म्हणजे गावचे मास्तर आणि त्यांची मुलं. बोस्टनचा जाहीर कार्यक्रम नंतर, १ जानेवारी १८९४ ला. एकट्याने खोली बंद करून जग जिंकल्याची कथा यात बसतच नाही!

असो. पोस्ट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. त्या निमित्ताने कुणी ऐकलं तरी पुष्कळ. पण ऐकायचं तर चारही भाग सलग ऐका, अर्ध्या तासाच्या आत संपतं. तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनवर खूप वरच्या पट्टीत एक पक्षी ओरडतो. तो स्कार्लेट टॅनेजर की दुसराच कुठला, यावर जाणकार भांडतात, भांडू देत. आमच्याकडे तो यायचा तेव्हा काकू चेलो वाजवता वाजवता भुवया उडवायच्या आणि माझा ताल हमखास चुकायचा. तुम्हाला तो पक्षी सापडला तर सांगा.