दाराबाहेरचं बाक

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. निमित्त साधं होतं. एका मैत्रिणीने मुलाचा तबल्याच्या परीक्षेचा निकाल टाकला, पहिल्या श्रेणीत पास, खाली पेढ्यांचा फोटो. तासाभरात एकाने लिहिलं, "दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून अर्धा महाराष्ट्र तबला बडवतोय. असल्या आईबापांनीच संगीताची वाट लावली." मग दुसरा उतरला, "परदेशात बघा. मुलं आनंदासाठी वाजवतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत, आईबापांची कटकट नाही." आणि साक्षीला म्हणून मला टॅग केलं.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये एका शाळेच्या आवाराबाहेर गाडीत बसले होते. आत मुलीचा व्हायोलिनचा तास चालू होता. मांडीवर तिची प्रॅक्टिस डायरी होती. सोमवार वीस मिनिटं, मंगळवार पंधरा, बुधवार कोरा, आणि प्रत्येक ओळीपुढे माझी सही. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. तिथे चार ओळींत मावणारं नव्हतं.

परदेशात परीक्षा नाही हे कुठून येतं मला कळत नाही. इथल्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षा 1890 पासून चालू आहेत. ग्रेड वन ते ग्रेड एट, एकूण 150 गुण, पास व्हायला 100 हवेत, मेरिटला 120, डिस्टिंक्शनला 130. समोर परीक्षक बसणार असेल तर तीन रचनांना प्रत्येकी 30, स्केल्सना, म्हणजे स्वरांच्या आरोह-अवरोहांना, 21, समोर ठेवलेलं स्वरलेखन पहिल्यांदाच बघून वाजवायला 21 आणि कानाच्या परीक्षेला 18. व्हायोलिनचा साथीदार आपणच शोधायचा, त्याचे पैसे आपणच द्यायचे. ग्रेड सिक्सला बसायचं तर आधी ग्रेड फाइव्हची थिअरी किंवा तिच्या जागी चालणारी दुसरी परीक्षा सुटायला हवी. आणि वाढीव गुण म्हणाल तर ग्रेड एटच्या डिस्टिंक्शनला विद्यापीठ प्रवेशात धरले जाणारे युकॅसचे 30 पॉइंट आहेत, ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, एका विषयातल्या डी ग्रेडपेक्षा जास्त. सगळी विद्यापीठं ते धरत नाहीत, पण फॉर्मवर ते लिहिलेले असावेत म्हणून धडपडणारे आईबाप मी शनिवारच्या ऑर्केस्ट्राबाहेर दर आठवड्याला बघते. "तुमची कितव्या ग्रेडला?" हा प्रश्न इथे हवापाण्याच्या गप्पांनंतर लगेच येतो. विचारणारे गोरे असतात, चिनी असतात, नायजेरियन असतात. म्हणून मैत्रिणीच्या मुलाच्या निकालावर कुणी नाक मुरडलं की मला ते फार अन्यायाचं वाटतं.

मुलगी इयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांची, असताना तिच्या अख्ख्या वर्गाला वर्षभर व्हायोलिन दिलं होतं. तीस मुलं, तीस व्हायोलिनं, एक शिक्षिका. ही योजना मला मनापासून आवडते आणि आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत असं काही व्हावं असं फार वाटतं. पण वर्ष संपलं, वाद्यं परत गेली. पुढे शिकणारी उरली चार. त्या चौघांची घरं मला माहीत आहेत. चारही घरांत कुणीतरी एक माणूस असा होता जो आठवड्यातून एकदा गाडीत अर्धा तास बसू शकत होता आणि त्या अर्ध्या तासाचे 22 पौंड देऊ शकत होता. बाकीच्या सव्वीस मुलांना आनंद झाला नव्हता असं थोडंच आहे? त्यांनाही झाला होता. तो टिकवायला घरचं माणूस नव्हतं.

ग्रुपवरचा मित्र पुढे म्हणाला की गुरु-शिष्य परंपरेत हे असलं काही नव्हतं, परीक्षा आल्या आणि गाणं गेलं. हे वाचून तर मला राहवेना. आम्ही दोघं मिरजेचे. ज्या गावात गायक विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1931 मध्ये ज्या गावात पलुस्करांनी देह ठेवला, त्या गावच्या माणसाने तरी असं बोलू नये. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तासाला वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, लिहिलेले स्वर. बुवांच्या घरी पाणी भरून, वर्षानुवर्षं मर्जी सांभाळून मिळणारी विद्या त्यांनी फी भरून येणाऱ्या साध्या घरांतल्या मुलांपुढे ठेवली. त्यांच्या पश्चात शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आमच्या पिढीला पाठ आहे ती त्या मंडळाची. ती शिडी नसती तर एसटीतल्या कंडक्टरच्या बायकोने मुलीला घेऊन कुठल्या गवयाचं दार वाजवायचं होतं?

ती बायको म्हणजे माझी आई. तिला स्वतःला गाता येत नाही. आरतीतसुद्धा ती ओठ हलवते, आवाज सोडत नाही. पण माझा गाण्याचा क्लास तिने शोधला, सतारमेकरांच्या दुकानांच्या मागच्या बोळात. छपरावर भोपळे वाळत घातलेले असायचे आणि खालून लाकूड तासल्याचा आवाज यायचा. दोन ब्लाउजच्या शिलाईत माझी महिन्याची फी निघायची. क्लास चालू असताना आई दाराबाहेरच्या बाकावर बसून बाईंचं बोलणं ऐकायची आणि घरी आल्यावर दोनशे पानी वहीत लिहून काढायची. रागाचं नाव, थाट म्हणजे तो कुठल्या गटातला, वादी-संवादी म्हणजे त्यातले मुख्य दोन स्वर, वर्ज्य म्हणजे त्यात न लागणारे स्वर, गानसमय. तिचं अक्षर ठसठशीत, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, आणि कोमल स्वरांखालच्या रेघा मात्र पट्टी लावून मारलेल्या.

संध्याकाळी पोळ्या लाटताना उजळणी व्हायची.

"भूप?"

"थाट कल्याण. वादी गंधार, संवादी धैवत."

"वर्ज्य?"

"मध्यम आणि निषाद."

"वेळ?"

"रात्रीचा पहिला प्रहर."

चुकलं तर ती लाटणं थांबवायची. ओरडायची नाही, नुसतं थांबायची. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी लाटणं हलायचं नाही, जोवर मी बरोबर सांगत नाही तोवर. राग कानाने ओळखता येत नसलेल्या बाईने मला पंचवीस-तीस राग पाठ करून दिले. परीक्षेची तारीख नसती तर हे झालं असतं का? नसतं झालं. रोजच्या धबडग्यात शिवण होतं, पाण्याची वेळ होती, बाबांची रात्रपाळी होती. नोव्हेंबरात परीक्षा आहे म्हटल्यावर घर हलायचं. परीक्षेने मला गाणं दिलं असं मी म्हणत नाही. परीक्षेने माझ्या आईला माझ्याजवळ बसायला हक्काचं कारण दिलं. आजूबाजूच्या बायकांना, सासूला, देवळातल्या ओळखीच्यांना सांगता येईल असं कारण. "पोरीची परीक्षा आहे" म्हटलं की कुणी काही बोलायचं नाही.

आता मी तेच करते. मला स्टाफ नोटेशन येत नव्हतं. मुलगी ग्रेड टूला असताना रात्री ती झोपल्यावर मी पाच रेघांवरचे ठिपके शिकले. कुठला ठिपका सा धरायचा हे माझं मी ठरवलं आणि मग जमलं. तिच्या व्हायोलिनच्या गजाला राळ मी लावते, परीक्षेआधी गजाच्या केसांतला तुटका तंतू मी कापते. तिच्या कानाच्या परीक्षेची तयारी गाडीत होते, मी सूर धरते, ती म्हणून दाखवते. ग्रुपवरचे लोक याला कटकट म्हणतात. म्हणोत.

एका बाबतीत मात्र मी इथली बाजू घेईन. आपल्याकडे कार्यक्रमात स्वतःचं मूल गाऊन झालं की पालक उठतात. निम्म्या कार्यक्रमात हॉल रिकामा, आणि शेवटी गाणारी, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत चांगली मुलं खुर्च्यांना गाऊन दाखवतात. हे मी मिरजेत पाहिलं, पुण्यात भाच्याच्या क्लासच्या वार्षिकाला पाहिलं, लंडनमध्ये आपल्याच लोकांच्या गणपतीतही पाहिलं. इथे चर्च हॉलमध्ये पाच वर्षांच्या पोराच्या चार स्वरांपासून ग्रेड एटच्या सोनाटापर्यंत माणसं बसून असतात. आजी-आजोबा असतात, धाकटी भावंडं असतात, मागे सरबत आणि बिस्किटं मांडलेली असतात आणि शेवटच्या मुलालाही पहिल्याइतक्याच टाळ्या पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे निकाल. मुलीला आकड्यांबरोबर परीक्षकाच्या ओळी मिळतात, प्रत्येक रचनेखाली दोन-तीन. कुठे लय सैल पडली, कुठे सूर गोड लागला. आमच्या वेळी हातात नुसते आकडे यायचे. 75 पैकी 58. ते सतरा कुठे गेले हे आई बाईंना विचारायची, बाई हसून म्हणायच्या, अहो चांगले आहेत. आईला सतरांचा हिशेब हवा होता. परीक्षांवर बोलायचंच असेल तर असं काहीतरी मागा ना, आईबापांना कशाला शिव्या देता.

एवढं तावातावाने मी हे का लिहिते आहे, तेही आता सांगून टाकते.

मी विशारद केलं नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, विशारद प्रथमचा फॉर्म भरलेला होता, फी भरलेली होती, आणि मी आईला म्हटलं, वेळ नाही. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बाईंना सांगून आली, कारण मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. फीची पावती त्या वहीत अजून आहे, दरबारी कानड्याच्या पानावर. 2006 साली मी इथे आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तानपुरासुद्धा लावला नाही. त्या मित्राच्या हिशेबात मी म्हणजे पुरावाच आहे. परीक्षा दिल्या, पुढे काय झालं? काही नाही. त्याच्या वाक्यात माझ्या आईची दहा वर्षं फुकट जातात, ते ब्लाउज, ते बाक, त्या पट्टीने मारलेल्या रेघा. ते मला सहन होत नाही.

आणि इथे तरी मी पूर्ण कुठे आहे? गेल्या वर्षी चर्च हॉलमध्ये मुलीने एक संथ रचना वाजवली. एका जागी तिने सूर असा धरला, हळूहळू सोडला, की माझ्या तोंडून "वा!" गेलं. मोठ्याने. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मुलीचा हात थांबला नाही, पण कान लाल झालेले मला मागून दिसले. गाडीत ती म्हणाली, "आई, प्लीज. पुन्हा नको." मी म्हटलं, नाही करणार. तेव्हापासून मी ओठ दाबून बसते. दोन स्वरांमध्ये, दोन भागांमध्ये, सगळं संपेपर्यंत शांत.

मागच्या खेपेला मिरजेला गेले तेव्हा उरूस चालू होता. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात सभा होते, तिथे मावशीबरोबर गेले. आईला आता रात्री बाहेर पडवत नाही. मध्यरात्र उलटल्यावर एका गायकाने मालकंस घेतला. विलंबितात तो समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, असा येऊन उतरला की भोवतालचे सगळे हात एकदम वर गेले, कुणी मान टाकली, कुणी "जियो" म्हटलं. माझे हात मांडीवर होते. मला कळलं होतं, सम येणार हे चार मात्रा आधीच कळलं होतं, अंगावर काटा आला होता. पण हात उठला नाही आणि तोंड उघडलं नाही. मावशीने वळून विचारलं, "आवडलं नाही का गं?"

"आवडलं."

"मग अशी परक्यासारखी काय बसलीस?"

सकाळी उशिरा उठले. आई स्वयंपाकघरात होती, मुलगी ओट्याशी स्टुलावर बसून गूळ-पोळी खात होती. आईने पाठ न वळवताच विचारलं, "काय गायले काल?"

"मालकंस."

"वर्ज्य?"

"रिषभ, पंचम."

लाटणं चालूच राहिलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. "आजी, मला विचार," ती म्हणाली.